विषय ‘पाऊस’, गाणी रॉकची: गुण कसे द्यावेत

आमच्या मित्रमंडळात विषय देऊन गाणी मागवली की निवाडा माझ्याकडे येतो. यंदा विषय पाऊस. शीर्षकात ‘रेन’ दिसलं म्हणून लगेच गुण देऊ नका. आधी पाठवणाऱ्याचं नाव झाका आणि हेडफोन लावून, शब्द न वाचता ऐका. डोअर्स या बँडच्या १९७१ मधल्या ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’मध्ये गडगडाट नि सरी प्रत्यक्ष ऐकू येतातच, पण त्या वगळल्या तरी रे मॅन्झारेकचा इलेक्ट्रिक पियानो थेंबांसारखा उतरत राहतो. विषय असा सुरांत मुरलेला असेल तर मी हात आखडता घेत नाही.

मग शब्द वाचा. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडच्या ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’मधला पाऊस उन्हात पडतो, आणि ते लिहिणाऱ्या जॉन फोगर्टीच्या मनात होती बँडमधली फूट. रूपक पेललं असेल तर गुण कापणं अन्यायाचं.

गन्स अँड रोझेस या बँडचं ‘नोव्हेंबर रेन’ अवघड. गिटारवादक स्लॅशचे सोलो अप्रतिम, पण गाणं प्रेमाचं, पाऊस मागे उभा. म्हणून गाण्याचे आणि विषयाचे गुण वेगवेगळे मांडा. कमी गुण दिलेत तर कारण लिहून कळवा. कुणीतरी मनापासून निवडलेलं असतं ते.