आधी मुलांचा पासपोर्ट बघा, मग तिकीट

मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, लहान मुलांचा फक्त ५. हे ऐनवेळी लक्षात येतं. आमच्या धाकटीच्या पासपोर्टावर अजून पाळण्यातला फोटो होता, आणि बडोद्यात बसून आम्ही सिंगापूरची तिकिटं बघत होतो!

दिवाळीच्या सुट्टीचा बेत ठरला की त्याच संध्याकाळी:

१. सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा.

२. परतीच्या तारखेत ६ महिने मिळवा. सिंगापूर, मलेशियाला एवढी मुदत शिल्लक लागते. त्याआधी संपत असेल तर लगेच नवा करायला टाका. मुलांच्या अर्जाला ‘अनेक्शर डी’ या पालकांच्या संमतीच्या फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या लागतात, कोणी कामानिमित्त बाहेरगावी जाणार असेल तर आधीच घेऊन ठेवा.

३. मगच तिकीट.

तिकिटावर नाव मात्र पासपोर्टावरचंच, अक्षर न् अक्षर. त्यात मध्ये वडिलांचं नाव असेल तर ते गाळू नका.