टेस्टबेंचमध्ये सिग्नलचे ठोके कसे लावायचे

रविवारी सकाळी भाचा लॅपटॉप घेऊन आमच्या राजवाड्याजवळच्या घरी आला. व्हेरिलॉगमध्ये टेस्टबेंच, म्हणजे सर्किटचं डिझाइन तपासायला त्याला सिग्नल पुरवणारा कोड, लिहीत होता. पोह्यांवर जिरावन भुरभुरत म्हणाला, "मामा, क्लॉक चालतच नाहीये." सिग्नलचे वेव्हफॉर्म दाखवणाऱ्या जीटीकेवेव्हमध्ये क्लॉकच्या जागी नुसती लाल पट्टी! त्यानं लिहिलं होतं (इथले शब्द तुमच्या फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाका):

ऑलवेज #५ क्लॉक = ~क्लॉक;

ओळ बरोबर आहे, पण आधी किंमत कुठे दिलीय? रेग (किंमत धरून ठेवणारं चल, इथे क्लॉक) सुरुवातीला एक्स, म्हणजे अनिश्चित, असतो, आणि एक्स उलटवला तरी एक्सच राहतो. म्हणून आधी हे लिहा:

इनिशियल क्लॉक = ०;

टाइमस्केल (वेळेचं एकक / अचूकता) १ नॅनोसेकंद / १ पिकोसेकंद असेल तर #५, म्हणजे ५ नॅनोसेकंदांचा थांबा, हे अर्धं आवर्तन झालं. पूर्ण आवर्तन १० नॅनोसेकंदांचं, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. आवर्तन पॅरामीटरमध्ये ठेवलंत तर २ ने नव्हे, २.० ने भागा. नाहीतर पूर्णांक भागाकारात ५ चं अर्धं २ होतं आणि क्लॉक गुपचूप ४ नॅनोसेकंदांचा होतो. ही चूक वेव्हफॉर्म बघूनही चटकन लक्षात येत नाही. ३० टक्के ड्यूटी (आवर्तनाचा ३० टक्के वेळ क्लॉक १) हवी असेल तर ऑलवेजमध्ये १ द्या, #३ थांबा, ० द्या, #७ थांबा. एकही थांबा नसलेला ऑलवेज मात्र लिहू नका. वेळ शून्यावरच अडकते.

आता खरी गोष्ट. दर ८ क्लॉकला एक एनेबल (एका क्लॉकपुरता १ होणारा सिग्नल) हवा म्हणून भाच्यानं #८० मोजलं होतं. उद्या क्लॉक बदलला की सगळं फिसकटणार. नॅनोसेकंद मोजू नका, क्लॉकच्या कडा मोजा (नेगएज म्हणजे १ वरून ० कडे उतरती कडा, पॉझएज म्हणजे चढती):

फॉरएव्हर बिगिन
रिपीट (७) @(नेगएज क्लॉक);
एनेबल = १;
@(नेगएज क्लॉक) एनेबल = ०;
एंड

हे इनिशियलमध्ये टाका, वर एनेबल = ० देऊन. नेगएजच का? डिझाइन पॉझएजला वाचतं. त्याच क्षणी तुम्ही किंमत बदललीत तर जुनी वाचली जाईल की नवी, हे सिम्युलेटरच्या मर्जीवर. मधल्या कडेवर बदललं की भांडणच नाही.

त्याच इनिशियलमध्ये फॉरएव्हरच्या खाली लिहिलेलं काहीही कधीच चालत नाही. सिम्युलेशन थांबवणारं $फिनिश त्यामुळे वेगळ्या इनिशियलमध्ये, #२००० नंतर टाका. भाच्यानं ते फॉरएव्हरच्या खालीच लिहिलं होतं. आम्ही पोहे संपवेपर्यंत वेव्हफॉर्म साठवणारी व्हीसीडी फाइल फुगतच गेली, शेवटी कंट्रोल-सी दाबून थांबवली.