तळ्याकाठी सांस्कृतिक केंद्र काढताय? आधी या चुका टाळा

पुण्यात तळ्याकाठची एखादी जागा मिळाली की सगळ्यात आधी येतं ते रेंडर, म्हणजे होणाऱ्या इमारतीचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र. संध्याकाळची वेळ, गुळगुळीत निळं पाणी, काचेची इमारत, पायऱ्यांवर बसलेली मंडळी. त्या चित्रातलं पाणी कायम एकाच पातळीला असतं आणि त्याला वासही येत नाही. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

साइट फक्त डिसेंबर-जानेवारीत बघणं ही सगळ्यात मोठी चूक. तेव्हा पाषाणचं तळं काय, कात्रजचं काय, सगळंच छान दिसतं, पक्षीही आलेले असतात. तीच जागा मेच्या शेवटी बघा, पाणी आत सरकलेलं, काठाचा चिखल उघडा पडलेला आणि नाला जिथून तळ्यात येतो तिथं पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि कॅफे नेमका तिथंच दाखवलेला असतो कारण प्लॅनवर तो कोपरा रिकामा होता! मग ऑगस्टमध्ये मोठा पाऊस होऊन गेला की परत जा, तळं भरल्यावर जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा. सांडवा आणि त्यापुढचा ओढा हा कंपाऊंडपलीकडचा विषय नाहीये, डिझाइन तिथूनच सुरू होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत, आणि हा ओढा कात्रजच्या बाजूनंच खाली येतो.

परवानगीचं बघू नंतर, असं म्हणू नका. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, बोटीच्या धक्क्याचा अपवाद. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी त्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे आपलं तळं कशात बसतं हे आधी लेखी घ्या. मला विचाराल तर नियम लागू नसला तरी तेवढं अंतर सोडाच.

बेसमेंटचा मोह. पार्किंग खाली, विजेची पॅनल रूम खाली, जनरेटर पण खालीच. तळ्याकाठी भूजल वरच असतं, त्यात काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया मुरूम-खडकापर्यंत न्यावा लागतो. पावसाळ्यात जमिनीखालची टाकी रिकामी राहिली तर खालच्या पाण्याच्या दाबानं ती चक्क वर उचलली जाऊ शकते. पॅनल रूम वरच ठेवा, ती दिसायला कुरूप असली तरी.

उतारावर जागा असेल तर भोपाळचं भारत भवन जाऊन बघा. चार्ल्स कोरिया यांचं काम, १९८२ चं, बड्या तालाबच्या उतारावर. रस्त्यावरून इमारत जवळजवळ दिसतच नाही, गच्च्या आणि खोलगट अंगणं टप्प्याटप्प्यानं पाण्याकडे उतरतात, दालनांना उजेड वरून मिळतो. आपल्याकडे मात्र चार मजली काचेचा डबा पाण्यासमोर उभा करतात आणि मागच्या सोसायटीला तळं दिसायचंच बंद होतं.

खुल्या रंगमंचामागे तळं हवं हा हट्ट ठीक आहे, पण ते तळं पश्चिमेला असेल तर साडेपाचच्या कार्यक्रमात सूर्य थेट प्रेक्षकांच्या डोळ्यात, आणि पाण्यावरून परावर्तित झालेला वेगळा. जूननंतर वारा-पाऊसही त्याच बाजूनं. प्रेक्षकांची तोंडं उत्तरेकडे वळवली तरी अर्धं काम होतं. आवाज पाण्यावरून लांब जातो, समोरच्या काठावर लोक राहतात, आणि रात्री दहानंतर खुल्यावर स्पीकर बंद करावेच लागतात, म्हणजे स्पीकर कुठल्या दिशेला लावायचे हे ड्रॉइंगवरच ठरवायचं. पांढरे झगझगीत फ्लडलाइट पाण्याकडे लावले तर किड्या-पाखरांचे थवे स्टेजवर येतात, गायक तोंड उघडायला घाबरतो.

आता माझा लाडका विषय, टेम्पो. नाटकाचा सेट टेम्पोतून येतो, आठ-दहा फुटी फ्लॅट म्हणजे सेटच्या सुट्या भिंती, लेव्हल्स म्हणजे चौथरे, सोफा, कपाट. किती तरी प्लॅनमध्ये स्टेजमागे सुंदर लेक-व्ह्यू गॅलरी असते आणि सेट आत न्यायला काटकोनात वळणारा पॅसेज! बॅकस्टेजच्या पोरांनी ते फ्लॅट पावसात कसे न्यायचे? मागचा दरवाजा सरळ स्टेजवर उघडायला हवा, बाहेर टेम्पोच्या फळीइतक्या उंचीचा ओटा आणि त्यावर छप्पर. दमट हवेत तबला उतरतो, तानपुरा हलतो, म्हणून वाद्यांची खोली पाण्याकडच्या भिंतीला नको. आणि मध्यंतरात सगळं थिएटर एकदम उठतं, अर्धे वड्याच्या लाइनीत, अर्धे टॉयलेटला, तेव्हा बायकांची टॉयलेट्स पुरुषांच्या निदान दुप्पट ठेवा.

सकाळी फिरायला येणाऱ्यांचा ट्रॅक तोडू नका, नाहीतर उद्घाटनाआधीच मोर्चा येईल.

शेवटचं म्हणजे पाण्यावर काढलेला लाकडी डेक. फोटोत भारी दिसतो, पण पाषाणसारख्या तळ्यात जलपर्णी वाहत येऊन त्याच्याखाली खांबांमध्ये अडकते, तिथं बोट शिरत नाही, हात पोचत नाही, ती कुजते आणि वर डासांचे ढग. डेक हवाच असेल तर खांब लांब लांब घ्या, भरल्या तळ्यातही खालून साफसफाईची बोट जाईल इतकी उंची ठेवा, मधल्या काही फळ्या उचलता येतील अशा करा, आणि जलपर्णी काढायची कोणी व कुठल्या पैशातून हे टेंडरमध्येच लिहून घ्या.