रंग सगळ्यात शेवटी: जुनी स्पोर्ट्‌स कार घरच्या घरी टप्प्याटप्प्याने कशी उभी करावी

जुनी गाडी दारात आली की पहिला फोन पेंटरला जातो. बॉडी लालभडक होते, शेजारी फोटो काढून जातात. मग ब्रेकचं काम निघतं, ब्रेक ऑइल सांडतं आणि नव्या रंगाला फोड येतात. म्हणून क्रम उलटा धरा: आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन, मग पत्रा, आणि रंग शेवटी. आणखी एक पथ्य म्हणजे गाडी एकदम सगळी खोलायची नाही. एक काम काढायचं, ते मिटवायचं, मगच दुसरं. पूर्ण खोललेली गाडी बहुतेक वेळा खोक्यांत भरूनच पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाते.

उदाहरणाला ट्रायम्फ या इंग्लिश कंपनीच्या गाड्या घेऊ. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेली हेरल्ड मद्रासच्या कारखान्यात ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनली आणि तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आली. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तींचं. स्पिटफायर आपल्याकडे क्वचित दिसते, पण दोनदारी हेरल्ड मिळाली तरी खालचं बरंचसं काम तेच. घरी काम करणाऱ्याला ही जात सोयीची. चासी वेगळी, पत्रे बरेचसे बोल्टवर, आणि अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं.

कागद आणि जागा

पैसे देण्याआधी आरसी बुकातला चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळवून पाहा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली, व्यापारी वापरात नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केले तर हा दर्जा मिळत नाही, म्हणजे मारुतीचं इंजिन बसवायचा मोह इथेच सोडा. नाशिकला असाल तर पेठ रोडच्या आरटीओत एकदा समक्ष विचारून घ्या, एजंटाच्या भरवशावर राहू नका.

जागा म्हणजे बंगल्याचं पोर्च उत्तम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर ग्राइंडिंग आणि वेल्डिंग बाहेर न्यावं लागेल हे धरूनच चला. गाडी उचलल्यावर खाली लोखंडी घोड्या हव्यात. विटा, ठोकळे किंवा नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

पाने इंची लागतात. या गाडीचे बहुतेक नट यूएनएफचे, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो खरा, पण सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने घेतले की निम्मं काम होतं.

थांबणं आणि वळणं

जुन्या हेरल्डला ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो फक्त हँडब्रेक. त्यामुळे पाइप, होज आणि रबरं सरसकट नवी, इथे काटकसर नको. ब्रेकच्या सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसतं किट बदलून गळती थांबत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात लेथवर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवून देणारे भेटतात. या बाबतीत नाशिककर नशीबवान: महिंद्रा, बॉश आणि ओझरच्या एचएएलमुळे इथे अचूक काम करणारे हात गल्लोगल्ली आहेत. सुटा भाग हातात घेऊन जा, तोंडी मापं सांगू नका.

आता या गाडीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुढच्या चाकाला धरणारी उभी दांडी खाली ‘ट्रनियन’ नावाच्या पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसलेली असते आणि स्टिअरिंग फिरवलं की त्या आट्यांतच फिरते. तिथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. आपला फिटर निपल दिसला की ग्रीसगन लावतो. ग्रीस आतल्या आत वाळतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, दांडी गंजते आणि एक दिवस तिथेच तुटून चाक बाहेर आडवं पडतं. म्हणून दोन्ही बाजू उघडा, जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, आटे नखाने चाचपा. खड्डे किंवा बारीक भेग दिसली तर दांडी बदला. तिला वेल्डिंग करून घेऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. परत बसवताना ट्रनियन पूर्ण आवळून टाकायचा नसतो, वळायला वाव ठेवायचा असतो. एक वेगळी ग्रीसगन घेऊन तीत गिअर ऑइल भरा, वर ‘ट्रनियन’ लिहून ठेवा आणि ती कोणाला उसनी देऊ नका.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला आधी स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल मिसळून सोडा, चार-पाच दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर बरंच जिंकलात. मग एकाला क्लच दाबायला सांगून पुढची पुली पाहा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढेमागे सरकत असेल तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते ऑइल पॅन काढून, इंजिन जागेवर ठेवूनच बदलता येतात. चालढकल केली तर वॉशर गळून खाली पडतो आणि क्रँक थेट ब्लॉकला घासतो. प्लगच्या वायरी लावताना ठिणगीचा क्रम (फायरिंग ऑर्डर) १-३-४-२.

बॅटरी जोडण्याआधी बॉडीला कोणता टर्मिनल जातो ते बघा. जुन्या हेरल्डना पॉझिटिव्ह अर्थ असतो. सवयीने उलटी जोडलीत तर नंतर लावलेला रेडिओ वगैरे जळतो. वायरिंगचे रंग एकदा पाठ करा: तपकिरी कायम जिवंत, पांढरी चावीवर, हिरवी फ्यूजमधून, काळी अर्थ.

पेट्रोलचं काम आता वेगळं लक्ष मागतं. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं आणि जुनी रबरं त्यात फुगतात, भेगाळतात. पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आणि टाकीला झाळ मारायची असेल तर ती धुऊन-वाफाळून देणाऱ्याकडेच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

पत्रा आणि रंग

मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापलेली आहे. हेरल्डच्या चासीला बाजूने निघणारे हात आणि डिकीखालचा भाग आधी ठोकून पाहा, तिथे पाणी साचतं. गंज घासून झाकायचा नाही. कापायचा आणि सीओटू वेल्डिंगने नवा पत्रा जोडायचा. कापण्याआधी दरवाजांच्या फटी मोजून लिहून ठेवा, दरवाजे जागेवर ठेवूनच जोडा. चासी नंबराच्या आसपास ग्राइंडर नेऊ नका.

रंगाचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत धरा. पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत रंगाखाली ओल अडकते. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, घरी मारू नका, त्यातल्या आयसोसायनेटने फुप्फुसाची वाट लागते आणि कापडी मास्क त्याला पुरत नाही. बूथ असलेल्या पेंटरकडे द्या. सीटचं रेग्झिन, कार्पेट, बीडिंग त्यानंतर.

पहिली चाल गंगापूर रोडला, पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा, चारही चाकांना हात लावून कोणतं जास्त तापलंय ते बघा, आणि गाडीखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे पडलेत ते पाहून पुढचं काम ठरतं. कसारा घाट त्यानंतर.