साइडपट्टीवर ट्रक उभा असेल तर सायकल कशी काढायची

२६ वर्षं मी ट्रक चालवला. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, रुईच्या गाठी नेल्या, सोयाबीन नेलं, मधली सहा वर्षं कोळसा ओढला. आता गाडी सोडली. मारेगाव रस्त्याला लागून दोन एकर कपाशी आहे, तिकडे रोज सायकलने जातो. घरापासून शेत तीन किलोमीटर. त्याच रस्त्याने आमच्या गावच्या १९ पोरी शाळेत जातात. बहुतेकींच्या सायकली मानव विकास कार्यक्रमातल्या, आठवी ते बारावीच्या मुलींना मिळतात त्या.

आमच्याकडे सायकलची वेगळी लेन नाही. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे दीडेक मीटरची साइडपट्टी आहे, तीच पोरींची लेन. कापसाच्या हंगामात तिच्यावर जिनिंगच्या रांगेतले ट्रॅक्टर, ढाब्यापुढचे ट्रक, टायर बदलणारे टिप्पर आणि सवारी भरणाऱ्या काळीपिवळ्या उभ्या असतात. पुण्यात माल घेऊन जायचो तेव्हा सातारा रोडच्या कडेने खास सायकलसाठी बांधलेले ट्रॅक पाहिले होते. त्यांच्यावरही गाड्या लावलेल्या दिसायच्या. म्हणजे शहरातल्या पोरांनाही हेच शिकावं लागतं.

मागच्या हंगामात शेजारची नववीतली पोरगी उभ्या ट्रकला वळसा घालत होती. मागून आलेल्या गाडीच्या आरशाचा फटका बसला, कोपराचं हाड मोडलं, दीड महिना शाळा बुडाली. ट्रकवाला जेवत होता. मीही कित्येक वर्षं तसाच ट्रक लावून जेवलो आहे, आणि मागून येणाऱ्या सायकलचा विचार एकदाही केला नाही. तेव्हापासून रविवारी सकाळी पोरींना शिकवतो.

पहिली गोष्ट, ट्रक दुरून दिसला की तेव्हाच ठरवायचं. अगदी जवळ गेल्यावर ठरवायला वेळ उरत नाही. सायकल ताशी १२ किलोमीटरने चालते असं धरा. ट्रकच्या आधी दहा मीटरवर बाहेर निघायचं, दहा मीटरचा ट्रक ओलांडायचा आणि पुढे पाच मीटरवर परत आत यायचं. झाले २५ मीटर, त्याला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० ने येणारी गाडी सव्वाशे मीटर पुढे येते. पोरींना मीटरचा अंदाज येत नाही, म्हणून मी विजेचे खांब सांगतो. आमच्या रस्त्याकडेचे खांब मी पावलांनी मोजले, साधारण ५० मीटरवर एक आहे. मागे वळून पाहिल्यावर तीन खांबांपर्यंत रस्ता मोकळा असेल तरच बाहेर निघायचं. नसेल तर ट्रकच्या मागे पंधरा-वीस पावलांवर, डांबराच्या खाली उतरून थांबायचं. ट्रकच्या अगदी बुडाशी थांबू नका. ट्रक मागे घेतला तर ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही.

मागे वळून पाहणं सोपं वाटतं, पण तसं नाही. मान उजवीकडे वळली की हँडलही उजवीकडे जातं, आणि पोरगी न कळत रस्त्याच्या मधे येते. शाळेच्या मैदानावर चुन्याची सरळ रेघ मारा. तिच्यावरून सायकल चालवत मागे पाहायचं, आणि मागे उभ्या मैत्रिणीने किती बोटं दाखवली ते सांगायचं. रेघ सुटता कामा नये. आमच्या पोरींना हे जमायला तीन रविवार लागले. हे जमल्याशिवाय मी त्यांना पुढचं शिकवलं नाही.

बाहेर निघताना उजवा हात सरळ, खांद्याच्या उंचीवर. मग हळूहळू तिरपं निघायचं. मागच्या ड्रायव्हरला सगळ्यात जास्त दगा होतो तो ट्रकच्या आडून झटक्यात बाहेर आलेल्या सायकलचा. सायकल आधीपासून डोळ्यांपुढे असली तर पाय आपोआप ब्रेकवर जातो.

आता ट्रकच्या बाजूने जाताना. आपल्या देशात ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. म्हणजे डाव्या कडेला उभ्या ट्रकचा ड्रायव्हरचा दरवाजा बरोबर तुमच्या वाटेवर उघडतो, आणि त्याची खालची कड सायकलवाल्याच्या डोक्याजवळ येते. कारचा दरवाजा गुडघ्याला लागतो, ट्रकचा कपाळाला. म्हणून ट्रक आणि तुमच्या हँडलमध्ये एक पूर्ण दरवाजा उघडेल एवढं अंतर हवं. तेवढं अंतर ठेवायला मागचा रस्ता मोकळा नसेल तर जायचंच नाही.

दहावीतल्या एकीने विचारलं होतं, “काका, ट्रक निघन का उभाच राहीन, हे कसं समजावं?” हा प्रश्न मला फार आवडला. पुढचं चाक पाहा. ते उजवीकडे वळलेलं असेल तर ट्रक निघायच्या बेतात आहे. सायलेन्सरमधून धूर निघतोय का, केबिनच्या आरशात चेहरा दिसतोय का, ते पाहा. आणि कान उघडे ठेवा. हवेच्या ब्रेकचा ट्रक निघताना ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय उचलला की ‘फस्स’ असा आवाज येतो. तो आवाज झाला की जागच्या जागी थांबायचं. म्हणूनच मी पोरींना कानात मोबाईलची गाणी घालू देत नाही. टायरखाली दगड लावलेला आणि जॅक चढवलेला असेल तर तो ट्रक लवकर हलत नाही. पण मग खाली पाय पसरून बसलेला क्लीनर शोधा. तो केव्हाही उठून बाहेर येतो.

डावीकडून, म्हणजे ट्रक आणि शेताच्या मधून, सायकल घालायचा मोह होतो. इंजिन चालू असेल तर कधीच नाही. ड्रायव्हरला त्या बाजूचं सगळ्यात कमी दिसतं. इंजिन बंद असेल तरी खाली उतरून सायकल हातात धरूनच जा. तिथे मुरूम घसरतो, आणि डांबराची कड काही ठिकाणी वीतभर उंच आहे. खाली उतरलेलं चाक त्या कडेला घासत परत वर चढवायला गेलात की सायकल आडवी होऊन तुम्ही थेट रस्त्यावर पडता. थांबा, उचला, वर ठेवा, मग बसा.

सोयाबीन निघालं की लोक ते साइडपट्टीवरच वाळवायला टाकतात. मग तूर. मळणीची अडचण मला माहीत आहे, माझंही खळं नाही. पण सोयाबीनच्या दाण्यावर चाक गेलं की ब्रेक लागतच नाही. आणि माल उचलल्यावर कडेने लावलेले दगड तिथेच राहतात. रात्री तेच दगड मोठा घात करतात. माल तुमचा असेल तर दगड उचलून बांधावर टाका, एवढं कळकळीने सांगतो.

संध्याकाळनंतर ट्रॉलीची भीती जास्त. कापसाने भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असला तर बोंद्र्याखाली, म्हणजे वरून टाकलेल्या जाड कापडाखाली, झाकलेला असतो. समोरून लाइट डोळ्यांवर आला की ती दिसतच नाही. समोरचा लाइट आला की रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहा आणि वेग पायी चालण्याइतका करा. सायकलच्या मागच्या मडगार्डचा खालचा भाग पांढरा रंगवा आणि त्याच्यावर लाल रेडियम लावा. ट्रॅक्टरवाल्या भावांनो, तोच रेडियम ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांना लावा. माझ्या पुतण्याच्या ट्रॉलीला मी स्वतः लावून दिला.

आता ट्रक हटवायचा कसा. पोरींनी ड्रायव्हरशी वाद घालू नये. मोठ्यांनी बोलावं, आणि तो जेवत नसताना बोलावं. बाहेरच्या राज्यातला असेल तर “उस्ताद, गाडी थोडी अंदर ले लो, बच्चियाँ साइकिल से जाती हैं.” उस्ताद म्हटलं की माणूस ऐकतो, मी स्वतः ऐकत आलो. त्याहून फायदा ढाबेवाल्याशी बोलण्यात आहे. आमच्या ढाबेवाल्याच्या बाजूला पडीक जागा होती, पण पावसानंतर चाक रुतायचं म्हणून कोणी आत जात नव्हतं. गावातल्या चौघांनी मिळून चार ट्रॉली मुरूम टाकला. आता दहातले सात ट्रक आत लागतात. जिनिंगच्या गेटवरही असंच सांगून ट्रॅक्टरची रांग एका बाजूला, शाळा सुटायच्या वेळी तरी, मोकळी करून घेता येते.

नाहीच ऐकलं तर कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२: धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. कलम १२७ खाली पोलीस ती उचलू शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये रस्त्यात अडथळा केल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. नंबर प्लेट आणि पांढरी पट्टी एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, किलोमीटरचा दगड जवळ असेल तर तोही घ्या, आणि ग्रामपंचायतीच्या पत्रासोबत ठाण्यात द्या. वळणावर बंद पडलेली गाडी असेल तर पत्राची वाट पाहू नका, लगेच ११२ लावा. कोणाला लागलं तर १०८.

शेवटचा धडा मी जिनिंगच्या पटांगणात घेतो, रविवारी तिथे ट्रक रिकामा उभा असतो. एकेका पोरीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो आणि दुसरीला सायकल घेऊन ट्रकभोवती फिरायला लावतो. “दिसते का?” “दिसते.” ती डाव्या चाकाजवळ येते. “दिसते का?” “नाई काका, गेली कुठं?” मग मी तिला खाली उतरवून तीच जागा दाखवतो आणि तिथे चुन्याने गोल काढतो. ट्रकच्या चारही बाजूंना असे गोल निघतात, सगळ्यात मोठा डावीकडे. या रविवारी सकाळी सात वाजता आठवीच्या पोरी येणार आहेत. येताना ब्रेकचे रबर पाहून या, चेन घट्ट करून या, आणि आई-बाबांपैकी एकाला सोबत आणा. त्यांनाही एकदा त्या सीटवर बसवायचं आहे.