ग्रानादाच्या चढ-उतारावर सेगवे : एका गॅरेजवाल्याचा सल्ला

सेगवे म्हणजे दोन चाकांच्या मधल्या पाट्यावर उभं राहून, अंग कलवून चालवायची विजेची गाडी. सेगवेला ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, क्लच तर नाहीच नाही. जन्मभर स्कूटर चालवलेल्या माणसाची पहिली पंचाईत इथंच होते. त्याचा उजवा हात आपोआप मूठ पिळायला बघतो आणि पाय ब्रेक शोधत राहतो. आमच्या मंडळींना साधी सायकल येत नाही, पण सेगवे त्यांनी माझ्याआधी सरळ चालवला. त्यांना विसरायचं काही नव्हतं, एवढंच. तेव्हा स्पेनमधल्या ग्रानादा शहरात गाइडबरोबर सेगवेवरून फिरायचा बेत असेल, तर 'मला गाडी येते' हा तोरा घरी ठेवून जा.

मी कोल्हापुरात दुचाकीचं गॅरेज चालवतो. पोरगी ग्रानादाच्या विद्यापीठात शिकायला आहे, म्हणून आमचं तिकडं जाणं झालं. बायकोचे गुडघे जिना म्हटलं की कुरकुरतात आणि हे गाव म्हणजे नुसते चढ. मधून दारो नावाची लहानशी नदी वाहते. तिच्या एका अंगाला साबिका टेकडी आणि तिच्यावर आल्हाम्ब्राचा किल्ला व राजवाडे. समोरच्या अंगाला आल्बाइसिन, म्हणजे मुस्लिम राजवटीत वसलेली जुनी पेठ. तिला लागून पूर्वेकडं साक्रोमोंते, तिथं डोंगर कोरून केलेली गुहाघरं. आल्हाम्ब्रा 1984 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, आल्बाइसिन 1994 साली. गल्ल्या माणसं आणि गाढवं जातील एवढ्या बेतानं आखलेल्या. मोठ्या बसला तिथं काम नाही, आणि पायी वर जाईस्तोवर आमच्यासारख्यांचा बघायचा हुरूप संपलेला असतो. सेगवेची गंमत आहे ती इथं. सपाट गावात मी त्याच्यावर पैसे घालवणार नाही.

बुकिंग करताना आधी मशीन कुठलं ते विचारा. उभ्या दांड्याचा मूळ सेगवे डीन केमन यांनी 2001 च्या डिसेंबरात जगापुढं आणला आणि 2020 साली त्याचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आज टूरवर तो मिळाला तर जुनाच असणार. जुना म्हणून वाईट नाही, निगा राखलेला हवा. काही ठिकाणी आता नाइनबॉट नावाची त्याच पद्धतीची छोटी मशीनं देतात. त्यातल्या काहींना हँडल नसतं, गुडघ्यांच्या मध्ये एक दांडी असते आणि गुडघ्यांनी रेटून वळायचं. गुडघेदुखी असेल तर सरळ सांगा, हँडलवालंच द्या. दुसरा प्रश्न वजनाचा. मूळ मशीनला साधारण 45 ते 118 किलोचा माणूस चालतो. 45 च्या खाली असाल तर लाजू नका, सांगून टाका. हलका माणूस पुढं झुकला तरी मशीनला ते नीट कळत नाही, आणि मागं झुकल्यावर थांबायलाही तीच अडचण. गरोदर बायकांनी नको. प्रवास विम्याच्या कागदात सेगवेचा अपघात धरलाय का, तेही एकदा वाचा. बऱ्याच पॉलिसींत असले प्रकार वगळलेले असतात.

वेळ निवडताना ऊन बघा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथं पारा चाळिशीकडं जातो आणि दगडी गल्ल्या तापतात. सकाळची पहिली टूर घ्या, नाहीतर संध्याकाळची. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळं आठला निघालात तरी उजेड भरपूर असतो. पाऊस पडून गेला असेल तर टूर पुढं ढकला. का, ते खाली येतंय.

पायात चपला नकोत, सपाट तळव्याचे बूट हवेत. साडी नेसून उभं राहता येतं, पण पदर आणि निऱ्या चाकांच्या जवळ येतात. आमच्या मंडळींनी पंजाबी ड्रेस घातला आणि ओढणी खोलीवर ठेवली. सॅक पाठीवर घट्ट बांधा. पिशवी हँडलला अडकवू नका. वळण हँडल कलंडूनच घ्यायचं असतं, तिथं वजन लटकलं की मशीन त्या बाजूला ओढतं.

आता चालवायचं कसं. मशीन 47 किलोच्या आसपास, दोन चाकं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. आत सेन्सर सतत तपासत असतात की पाटा किती कलला. तुम्ही पुढं कललात की तुम्ही पडू नये म्हणून मशीन चाकं पुढं पळवून तुमच्या खाली आणतं. चालणं झालं ते एवढंच. मागं कललात की चाकं मंद होतात, मग थांबतात. हे डोक्यात बसलं की हात आपोआप ढिले पडतात.

चढताना गाइड हँडल धरून उभा असतो. एक पाय ठेवा, जरा थांबा, मग दुसरा. नजर समोर. खाली पायाकडं बघितलं की डोकं पुढं जातं, डोक्यामागं अंग जातं आणि मशीन निघतं. सुरुवातीला सगळेच पुढं-मागं डुलत राहतात. मशीन बिघडलंय म्हणून नव्हे. तुम्ही त्याला सावरताय, ते तुम्हाला सावरतंय आणि दोघंही जरा जास्तच करताय. गुडघे सैल सोडा, डुलणं थांबतं. उतरताना आधी पूर्ण थांबा, एक पाय मागं जमिनीवर टेका, मग लगेच दुसरा. एक पाय खाली आणि एक वर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. तेवढ्यात हँडल थरथरायला लागतं. तो इशारा आहे, 'मी बंद पडतोय की तू उतरतोयस ते नक्की कर.'

थरथरीवरून आठवलं. वेग ठरावीक मर्यादेला पोचला की हँडल हळूच तुमच्या पोटाकडं मागं येतं. जोरात जायची सवय असलेले लोक तिथं आणखी पुढं रेटतात. रेटू नका. मोटरची ताकद संपत आली की सावरायला काही शिल्लक राहत नाही, मग तोंडावर आपटायचं काम. मशीन ताशी 20 किलोमीटरपर्यंत जातं. नवख्यांसाठी गाइड ते कमी वेगावर बांधून देतो. देत नसेल तर मागून घ्या.

माझं म्हणणं इतकंच आहे : सगळे चढाला घाबरतात, शिकायचा असतो उतार. चढावर तुम्ही जरा पुढं झुकता, मोटर गुरगुरते आणि जाता. उतारावर मात्र मन म्हणतं, खाली बघ, हँडल घट्ट धर. दोन्ही केलंत की वजन पुढं गेलं आणि वेग वाढला. कुएस्ता देल चापिससारख्या लांब उतारावर लागण्याआधीच कंबर मागं न्या, गुडघे वाका, खुर्चीवर टेकायला निघालाय अशा बेतात. हात पुढं लांब राहू देत. चालण्याच्या वेगानं उतरा आणि पुढच्या माणसात सपाटीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. उतार आडवा कापायचा असेल तर हँडल डोंगराच्या बाजूला कलतं ठेवून अंग सरळ राखा, नाहीतर खालच्या बाजूला ओढले जाल.

उतारावर मोटर उलटं काम करते, ब्रेक लावता लावता बॅटरी चार्ज करते. मला ते फार आवडलं. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते आणि मशीन कुरबुर करतं. म्हणून टूर डोंगराच्या पायथ्याहून सुरू होणारी बरी, आधी चढ, मग उतार. निघताना गॅरेजवाल्याच्या नजरेनं दोन गोष्टी बघून घ्या : दोन्ही टायर सारखे फुगलेत का, आणि हँडल हलवलं तर सांध्यात खडखड येते का. एका टायरात हवा कमी असली की मशीन त्या बाजूला खेचतं, आणि लोक दोष स्वतःला देतात.

आता दगड. आल्बाइसिनमध्ये जागोजाग नदीतले गोटे उभे रोवून फरशी केली आहे. पांढऱ्या आणि काळपट गोट्यांची फुला-पानांची नक्षी, वाकून बघावी अशी. चाकाखाली मात्र ती कडकड हादरवते. हळू जा, गुडघ्यांना स्प्रिंग होऊ द्या, दात आवळू नका. त्यापेक्षा फसवे आहेत नदीकाठच्या रस्त्यावरचे झिजून गुळगुळीत झालेले दगड. ओले झाले की टायर सुटतो; आणि सेगवेचा तोल चाकाच्या पकडीवरच उभा असतो. पकड सुटली की तोल सांभाळणारं दुसरं काही नाही. पावसानंतर नको म्हणालो ते यासाठी. पायरी किंवा फूटपाथची कड आली की उतरा आणि हातानं न्या. गाइड चढवून दाखवेल, त्याला दाखवू दे.

आपल्या माणसाला आणखी एक धोका : तिथं वाहनं उजवीकडून चालतात. सेगवेवर एकदा जरा हात बसला की तुम्ही नकळत डावीकडं सरकता आणि समोरून टॅक्सी येते. रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघा. स्पेनमध्ये 2021 पासून अशी छोटी विजेची वाहनं फूटपाथवर चालवायला बंदी आहे, आणि कुठल्या गल्लीत जायचं ते नगरपालिकेच्या नियमावर असतं. म्हणून गाइडच्या मागं एका ओळीत चला, स्वतःची वाट काढू नका.

आमची वाट साधारण सगळ्या टूरची असते तशीच होती. प्लाझा नुएव्हा या चौकापासून कारेरा देल दारो या रस्त्यानं नदीकाठानं. हा रस्ता इतका अरुंद की बस आली की सगळे भिंतीला लागतात. वाटेत एल बान्युएलो हा अरबी हमामखाना लागतो. बाहेरून काहीच वाटत नाही, आत छताला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत. टूरमध्ये आत नेत नाहीत, पत्ता लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जा. पुढं पासेओ दे लोस त्रिस्तेस, तिथून मान वर केली की डोक्यावर आल्हाम्ब्राचे बुरूज. मग चापिसचा चढ, साक्रोमोंतेच्या गुहांच्या तोंडापर्यंत एक फेरी आणि शेवटी मिरादोर दे सान निकोलास, म्हणजे दृश्य बघायचा चौक.

त्या चौकात समोर आल्हाम्ब्रा, त्याच्या मागं सिएरा नेवादाचे डोंगर, उन्हाळा लागेपर्यंत बर्फ असलेले. गर्दी तुफान, गिटारवाले, कठड्यावर बसलेली पोरं. इथं सेगवेवरून उतरा, गाइडच्या ताब्यात द्या आणि मगच फोटो काढा. एका हातात मोबाइल धरून मागं मागं सरकणारे मी पाहिलेत. 2010 साली सेगवे कंपनीचे मालक जिमी हेसेल्डन इंग्लंडमध्ये सेगवेसकट कड्यावरून खाली पडून गेले. कठड्याजवळ मागं जायचं नाही, एवढं पक्कं धरा. शेजारीच 2003 साली उघडलेली मशीद आहे. तिच्या बागेतून हेच दृश्य दिसतं, आणि तिथं उभं राहायला जागा मिळते.

आल्हाम्ब्राच्या आत सेगवे जात नाही. त्याचं तिकीट वेगळं, तेही आधी काढून ठेवा. आतल्या नासरिद घराण्याच्या महालांसाठी तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती पाळावी लागते. पासपोर्ट जवळ हवा. टूर आणि महाल एकाच दिवशी करू नका. सेगवेवर दोन तास उभं राहिलं की गुडघे बरे राहतात, पण पोटऱ्या आणि तळवे भरून येतात. बायकोला त्या दिवशी जिना चढता आला, उभं राहवेना.

खाली सपाटीवर ग्रान व्हियाच्या टोकाला राणी इसाबेल आणि कोलंबसाचा पुतळा आहे. या गावाजवळच्या सांता फे इथं 1492 च्या एप्रिलमध्ये दोघांचा करार झाला आणि तो आपल्या देशाची वाट शोधायला निघाला. गाइड हे सांगताना आमच्याकडं बघून हसली. आम्हीही हसलो.

टूर संपली की खायला बसा. ग्रानादात पेयाबरोबर बऱ्याच ठिकाणी छोटी डिश, तापा, फुकट येते. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, ट्यूना मासा घालून आणतात. त्याचंही नाव घेऊन नको म्हणा. बेरेनहेनास कोन मिएल मागवा : वांग्याचे काप पिठात घोळून कुरकुरीत तळलेले आणि वरून काळसर गोड धार. मी बोट बुडवून चाखलं आणि पोरीला म्हणालो, अगं, ही तर काकवी! उसाचीच निघाली, शेजारच्या मालागा प्रांतात फ्रिखिलियाना गावी अजून बनते. गुऱ्हाळाच्या गावच्या माणसाला फसवणार कोण?

दुसऱ्या दिवशी टूरमध्ये धावत बघितलेलं नीट बघायला परत जा, पण आता चढ बसनं चढा आणि उतार सावकाश पायी उतरा. प्लाझा नुएव्हावरून आल्बाइसिनला सी 31 आणि साक्रोमोंतेला सी 34, इसाबेल-कोलंबसाच्या पुतळ्याजवळून आल्हाम्ब्राला सी 30, अशा छोट्या बस आहेत. आल्बाइसिनमधल्या प्लाझा लार्गा या चौकाजवळ उतरा, सकाळी भाजीचा बाजार असतो. तिथून जुन्या तटातला आर्को दे लास पेसास हा दरवाजा पार केला की सान निकोलास पाच मिनिटांवर, आणि त्या वाटेवर सेगवेला बंदी असली तरी तुम्हाला नाही.