टिक्झमध्ये (लाटेकमधलं आकृत्या काढायचं पॅकेज) चौकटींची रुंदी सारखी होत नसेल तर (माझा अनुभव)

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेसाठी कापसाचा तक्ता लाटेकमध्ये (आज्ञा लिहून छपाईचं पान तयार करायची प्रणाली) करत होतो: वेचणी, मग जिनिंग, मग गाठी, बाजूला ढेप. 'ढेप'ची चौकट इवलीशी, तर 'सरकी आणि रुई वेगळी करणे' हिची चांगली हातभर.

आधी शब्दांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा भरली, छापल्यावर वाकडंच. मग 'मिनिमम विड्थ' ३ सेंमी दिली. ती फक्त किमान रुंदी ठरवते, लांब मजकूर चौकट ताणतोच. दोन रात्री यातच गेल्या, जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. आधी मुख्य फॉन्ट ठरवला. मग 'न्यूलेंग्थ'ने एक लांबी तयार केली आणि 'सेटटुविड्थ'ने तिच्यात सगळ्यात लांब नावाची रुंदी मोजून ठेवली. शेवटी सगळ्या चौकटींच्या एकाच स्टाइलमध्ये 'टेक्स्ट विड्थ' म्हणून तीच लांबी आणि सोबत 'अलाइन' सेंटर. 'अलाइन' विसरलात तर नावं डावीकडे चिकटतात.

चौकटीतला फॉन्ट लहान असेल तर मोजतानाही तोच लावा. 'इनर सेप', म्हणजे मजकूर आणि चौकटीची कड यांतली मोकळी जागा, दोन्ही बाजूंना त्या रुंदीत वरून मिळवली जाते; ती सगळ्या चौकटींना सारखीच ठेवा.